बिडव्यांची मोटारसायकल फहसाला जाते

धैर्यशील बिडवे याचा संसार यंत्रांना पास करण्यावर चालला होता. कुवेतमधल्या एका मोठ्या इस्पितळात तो बायोमेडिकल टेक्निशियन होता. व्हेंटिलेटर, सलाईनचे पंप, ईसीजीची मशिनं, सगळ्यांची वेळच्या वेळी तपासणी करायची आणि मशीन धड निघालं की त्याच्या कपाळावर 'तपासले, योग्य' असं छापलेलं हिरवं स्टिकर चिकटवायचं, हे त्याचं काम. मोठमोठे डॉक्टर आधी स्टिकर बघत आणि मगच मशीनला हात लावत. अशा माणसाची स्वतःची मोटारसायकल एकाच आठवड्यात दोनदा नापास व्हावी आणि ही बातमी खैतानमधल्या त्याच्या इमारतीत लिफ्टच्या आधी वर पोचावी, यासारखी मानहानी नाही.

कुवेतमध्ये जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे की नाही ते बघतात. तिला म्हणतात फहस. फहस झाला तर गाडीचे कागद पुढे सरकतात, नाही झाला तर गाडी घरी. धैर्यशीलची मोटारसायकल आजवर एकदाही नापास झाली नव्हती. भारतीय बनावटीची, जुनी, जड, एका सिलिंडरची ही गाडी त्याने देश सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याकडून घेतली होती. उन्हाळ्यात सीटवर पोळी भाजून निघाली असती, वाळूची वादळं आली, पण गाडी कधी रस्त्यात बंद पडली नाही. पहिल्या किकला ती नुसती खाकरायची, दुसऱ्या किकला सुरू व्हायची, आणि या क्रमात तिने कधी बदल केला नाही. धैर्यशीलच्या मते विश्वासूपणा म्हणतात तो हाच.

आणि त्याचा जीव होता तिच्यावर. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या शहरात सगळं जग काचा वर करून एसीत बसलेलं असतं, तिथे थंडीच्या चार महिन्यांत शुक्रवारी सकाळी समुद्राच्या कडेने तोंडावर वारा घेत जाणं, हे त्याचं एकमेव चैनीचं काम. त्या तासाभरात 'बिडवे, हे मशीन चालेल ना?' असं त्याला कुणी विचारत नसे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं संपदाही मागे बसायची. दोघं अहमदीला जायची, तेलकंपनीच्या जुन्या बंगल्यांमधून हिंडायची आणि झाडं बघून परत यायची. पुढे चारुता झाली, मोटार आली, आणि संपदाची मागची सीट रिकामी पडली.

गेल्या वर्षी मात्र गाडी घसरली. वादळानंतर वळणावर वाळू साचली होती, तिच्यावर चाक घसरलं आणि धैर्यशील रस्त्याच्या कडेला हलकेच जाऊन बसला. पँट फाटली, गुडघा सोलला, बाकी काही नाही. त्यावर घरात दोन चौकशी समित्या बसल्या. धैर्यशीलचा निष्कर्ष निघाला, वाळू. संपदाचा निष्कर्ष निघाला, दसऱ्याला गाडीला लावलेलं कुंकू त्याच वादळात उडून गेलं होतं, म्हणून. दोन्ही अहवाल एकमताने मंजूर झाले नाहीत, पण ठराव दोन झाले. एक, गाडी दिवेलागणीच्या आत घरी. दोन, फहसात ज्या दिवशी नापास होईल त्या दिवशी ती विकायची. दुसरा ठराव धैर्यशीलने हसत मान्य केला, कारण गाडी नापास होणं त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

मग यंदाचा दसरा आला. इमारतीच्या पार्किंगमध्ये, हारिस म्हणजे रखवालदार कपाळाला हात लावून बघत असताना, नारळ फुटला. केरळहून विमानाने आलेल्या झेंडूचा हार हँडलला चढला. आणि संपदाने कुंकू तुपात कालवून गाडीच्या पुढच्या दिव्यावर ठसठशीत 'श्री' काढला. शाळेत तिला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं, त्यामुळे तिला बारीक अक्षर काढवत नाही. एवढ्यावर ती थांबली नाही. पर्समधून तिने बिनरंगाच्या नेलपॉलिशची बाटली काढली आणि 'श्री'वर एकावर एक दोन हात मारले.

"आता उडू दे बघू," ती म्हणाली.

"पण दिव्यावर?" धैर्यशीलने विचारलं.

"मग कुठे? देवाला पुढे बसवतात की मागे?"

धैर्यशीलने नारळाचा तुकडा तोंडात टाकला. नाहीतरी गाडी काही रात्री बाहेर पडणार नव्हती. चार दिवसांनी फहसाची तारीख आली.

इथे नचिकेतची ओळख करून द्यायला हवी. नचिकेत वरच्या मजल्यावर राहतो, बँकेत असतो, पुण्याचा आहे, आणि त्याची सगळी मतं स्पष्ट असतात. त्याच्या मोटारीचा फहस बँकेचा मंदूब करून आणतो. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. म्हणजे नचिकेत आयुष्यात एकदाही फहसाला गेला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा त्याला त्यातलं सगळं ठाऊक होतं.

"माझं स्पष्ट मत आहे," आदल्या संध्याकाळी तो पार्किंगमध्ये उभा राहून म्हणाला, "इन्स्पेक्टर आधी चेहरा बघतो. गाडी चकाकली की अर्धं काम झालं. माझ्याकडे डॅशबोर्डचा स्प्रे आहे."

"गाडीला डॅशबोर्ड कुठंय?"

"अरे, सगळ्याला चालतो."

तो खरंच सगळ्याला चालला. टाकीला चालला, टायरला चालला. गाडी इतकी झळाळली की हारिस दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या दाराशी धैर्यशीलने शेवटचा हात मारला, तेव्हा तो ब्रेकच्या तबकडीलाही चालला.

तपासणीच्या केंद्रात झैद नावाचा गणवेशातला तरुण कुवेती होता. शांत माणूस. आवाज चढवणं त्याला माहीतच नसावं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मान डोलावली, आणि थोडं चालवून ब्रेक दाबायची खूण केली. धैर्यशीलने ब्रेक दाबला. गाडी चालत राहिली. त्याने आणखी दाबला. गाडी त्याच संथ गतीने झैदच्या समोरून पुढे गेली, भिंतीजवळ ठेवलेल्या रबरी टायरला टेकली आणि तिथे विसावली.

"सदीक," झैद मित्रत्वाने म्हणाला, "ब्रेक माफी." म्हणजे मित्रा, ब्रेक नाहीच.

ज्या माणसाने आजच सकाळी चार सलाईनचे पंप पास केले होते त्याला हे ऐकावं लागलं. बिनब्रेकची गाडी चालवत घरी नेणं शक्य नव्हतं, म्हणून शुवैखहून अरबाजला पिकअप घेऊन बोलावलं. अरबाज मूळचा चिपळूणचा, शुवैखमध्ये गॅरेज चालवतो. त्याने गाडी दोरीने बांधून मागे चढवली, आणि ती पडू नये म्हणून धैर्यशीलही तिला धरून मागेच बसला. सिग्नलला शेजारी येऊन थांबली ती नेमकी त्याच्याच इस्पितळाची बस. नर्सबायांनी हात हलवले. त्यानेही हलवला. दुसरं करणार काय?

"ओ साहेब, ब्रेकाला पॉलिश कोणी मारलंन?" गॅरेजात तबकडी पुसता पुसता अरबाजने विचारलं.

"शेजाऱ्याने सांगितलं."

"शेजाऱ्याची गाडी कुठंय? तिला पण मारूया."

घरी ठराव क्रमांक दोन टेबलावर आला. संपदा शांतपणे म्हणाली, "नापास म्हणजे नापास. ठरलं होतं."

"गाडी कुठं नापास झाली?" धैर्यशील चिडला की त्याच्या तोंडी अंबाजोगाई येते. "पॉलिश नापास झालं! मी काय सांगायलो, गाडीत काहीच बिघाड नव्हता. आपणच तिला लाडाने बिघडवलं. याला नापास म्हणायलीस तू?"

चारुता हेडफोन काढून म्हणाली, "टेक्निकली ही हॅज अ पॉइंट, आई." आणि हेडफोन परत लावला.

संपदाने एक संधी दिली.

दुसऱ्या वेळी धैर्यशीलने ठरवलं की कुणाचं ऐकायचं नाही. पण नचिकेत पश्चात्तापाने पोळला होता, आणि पश्चात्ताप झालेला नचिकेत दुप्पट सल्ले देतो. पॉलिशचं विसर, तो म्हणाला, खरी मेख आवाजात आहे. आवाज मीटरने मोजतात. एका सिलिंडरच्या गाडीचा आवाज म्हणजे उखळात मिरच्या कुटल्यासारखा. त्यावर अगदी सोपा, घरगुती उपाय आहे. भांडी घासायचा तारेचा चोथा सायलेन्सरमध्ये सारायचा. आवाज गुपचूप मऊ होतो.

"कुणी केलंय का असं?"

"अरे, थिअरी तीच आहे."

थिअरी या शब्दापुढे टेक्निशियन माणूस हळवा होतो. संपदा तिच्या बँकेत कामाला गेलेली असताना धैर्यशीलने स्वयंपाकघरातून तारेचा एक नवा चोथा घेतला आणि पोळपाटाशेजारचं लाटणं घेतलं. चोथा सायलेन्सरच्या तोंडात ठेवला आणि लाटण्याने आत ढकलला. लाटणं नंतर नीट धुऊन ठेवलं, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. गाडी सुरू केली तर सर्दी झालेल्या माणसासारखी बोलू लागली. धैर्यशील खूश झाला.

केंद्रात झैदने त्याला ओळखलं. ब्रेक तपासला. उत्तम. आता तो मागे जाऊन उभा राहिला, मीटर धरलं, आणि म्हणाला, रेस कर.

धैर्यशीलने रेस केली. आधी काहीच झालं नाही. मग सायलेन्सरमधून उचकीसारखा आवाज आला, आणि 'फट्' करून तापून लाल झालेला चोथा बाहेर पडला, फरशीवर तीन उड्या मारत गेला आणि झैदच्या बुटाजवळ धूर सोडत थांबला.

झैदने तो पेनने उचलला. "हाज़ा शिनू?" म्हणजे हे काय?

"सायलेन्सर ॲक्सेसरी," धैर्यशील म्हणाला. इस्पितळातल्या भाषेत बोललं की लोक पुढे विचारत नाहीत, असा त्याचा अनुभव होता.

झैदने चोथा उलटसुलट करून बघितला. "माय मदर ऑल्सो हॅव," तो म्हणाला. "इन किचन." मग त्याने तो निवू दिला, कागदात गुंडाळला आणि धैर्यशीलच्या हातात परत दिला.

धैर्यशील खरं तर तो वाटेत टाकून देणार होता. पण मान खाली घालून घरी आलेल्या माणसाला खिशाचं भान राहत नाही. संध्याकाळी पँट धुवायला टाकताना संपदाच्या हाती पुडी लागली. केंद्रातली हकीकत तिच्या कानावर आलीच होती. तिने पुडी उघडली.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"हो."

"सायलेन्सरच्या आत कसा घातलास?"

धैर्यशीलची नजर लाटण्याकडे गेली. संपदाचीही गेली. त्या दिवशी बिडव्यांकडे पोळ्या झाल्या नाहीत, भात झाला.

जेवण झाल्यावर ती बोलली. "आता शेवटची संधी. आणि यावेळी मी येणार. यासिरलाही यायला सांगितलंय."

यासिर हा इजिप्तचा माणूस. खैतानमध्ये त्याच्या पार्सल पोचवणाऱ्या दुचाकी होत्या. येता-जाता तो पार्किंगमध्ये थांबून मोटारसायकलकडे बघायचा आणि म्हणायचा, ही गाडी मरणार नाही, मला दे. आता धैर्यशीलला सगळं दिसू लागलं. टाकी पिवळी रंगवलेली. संपदा बसायची त्या जागी खाण्याचा मोठा पिवळा डबा. आणि वर कुणीतरी अनोळखी माणूस, त्याला पहिल्या किकचं आणि दुसऱ्या किकचं काहीच माहीत नाही. त्या रात्री धैर्यशीलला फार वाईट वाटलं. तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून खाली पार्किंगमध्ये जाऊन आला.

सकाळी नचिकेत जिन्यात भेटला आणि त्याने तोंड उघडलं. धैर्यशीलने हात जोडले. नचिकेतने तोंड मिटलं.

संपदा टॅक्सीने केंद्रावर पोचली. मागे बसून ये म्हटलं तर म्हणाली, नको, आज मी तुझ्या बाजूची नाही. यासिर आधीच आला होता. बगलेत पिवळं हेल्मेट, म्हणजे जाताना गाडीवर बसूनच जायची तयारी. मुलगी बघायला आलेल्या मामासारखा तो गाडीभोवती फिरत होता. त्याने सीट दाबून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

झैदने या वेळी हसून सलाम केला. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. रेस केली, सायलेन्सरने स्वच्छ, मोकळा, उखळात मिरच्या कुटल्यासारखा आवाज काढला, आणि मीटरला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणजे चोथ्याची कधी गरजच नव्हती. धैर्यशीलचा चेहरा उजळला. यासिरने हेल्मेट दुसऱ्या बगलेत घेतलं.

"लाइट," झैद म्हणाला.

छपराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, पांढरा फळा होता. धैर्यशीलने गाडी त्याच्यासमोर उभी केली आणि दिवा लावला.

फळ्यावर लाल उजेड पडला. नुसता लालसर नव्हे, लग्नाच्या मांडवातला पडदा असतो तसा. कडेने थोडासा पांढरा, आणि मध्ये सगळा शेंदरी-लाल डाग.

झैदने फळ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, खाली वाकून 'श्री'कडे बघितलं. "सदीक," तो नेहमीच्या शांतपणे म्हणाला, "रेड इज बॅक. फ्रंट व्हाइट." लाल मागे असतो, पुढे पांढरा. "हू डू धिस?"

धैर्यशीलने संपदाकडे बघितलं नाही. "मी," तो म्हणाला. "आय डिड."

झैदने खिशातून पेन काढलं. यासिर पुढे आला, 'खलास' म्हणाला, आणि गाडीच्या आरशात बघून हेल्मेट डोक्यावर बसवू लागला. धैर्यशीलचे हात हँडलवरच होते. पुसावं म्हटलं तर दोन हात नेलपॉलिश, आणि दोन हात नसते तरी देवाचं अक्षर पुसायला त्याचा हात उठला नसता. त्याने दिवा बंद केला. गाडी गेली, हे त्याला कळलं होतं.

संपदाला फक्त गप्प उभं राहायचं होतं. वर्षभर तिला हेच हवं होतं, आणि ते समोर तयार होतं.

"एक मिनिट," ती म्हणाली.

ती पुढे आली. पर्स उघडून तिने एक छोटी बाटली आणि कापूस काढला. बाटली नेलपॉलिश काढायची होती. आधी तिने दिव्याला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. मग कापूस भिजवला आणि हळूहळू, वळणावळणाने, जसा काढला होता तसाच 'श्री' पुसला. केंद्रभर पार्लरचा वास सुटला. कापसाचे लाल बोळे तिने कुठे टाकले नाहीत, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले.

"लाव आता दिवा," तिने धैर्यशीलला सांगितलं.

फळ्यावर पांढराशुभ्र उजेड पडला.

झैदने पेन उचललं, पण लिहिण्याआधी संपदाला विचारलं, "व्हाय पुट?"

संपदाने जरा विचार केला. "दुआ," ती म्हणाली. "ही फॉल डाउन लास्ट इयर."

झैदने मान हलवली आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बोट केलं. आपल्या आईनेही गाडीत काचेसमोर दुआ टांगली आहे, फहसाच्या दिवशी आपण ती काढतो आणि घरी जाऊन परत टांगतो, असं त्याने अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत सांगितलं. मग त्याने कागदावर गाडी पास झाल्याची खूण केली.

यासिरने हेल्मेट डोक्यावरून काढलं. तो खिलाडू माणूस होता. गाडीच्या टाकीवर त्याने दोन थापा मारल्या, आणि संपदाकडे हेल्मेट नाही हे लक्षात आल्यावर ते पिवळं हेल्मेट तिच्या हातात दिलं. "मदाम, नंतर पाठवा," तो म्हणाला आणि टॅक्सी शोधायला गेला.

अशा रीतीने कितीतरी वर्षांनी संपदा बिडवे मागच्या सीटवर बसली. डोक्यावर पार्सलवाल्याचं पिवळं हेल्मेट, मांडीवर पर्स, पर्समध्ये कुंकवाचा कापूस. गाडी पहिल्या किकला खाकरली, दुसऱ्या किकला सुरू झाली.

"अहमदीवरून जाऊ या," ती म्हणाली. "झाडं आहेत का बघू अजून."

सिग्नलला धैर्यशीलने मान वळवली. "ती बाटली तुझ्या पर्समध्ये कशी?"

"कशी म्हणजे? नेलपॉलिश मी लावलं होतं. दिव्याची तपासणी होणार हे मला कळत नाही?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आणली होती. वापरायची की नाही ते ठरलं नव्हतं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या मोटारीने हॉर्न वाजवला, तरी धैर्यशीलला गिअर टाकायला थोडा वेळ लागला.

"मग ठरलं कधी?" त्याने वाऱ्यात ओरडून विचारलं.

"तू 'मी' म्हणालास ना, तेव्हा. माझा श्री, आणि नाव तुझं? समोर बघ आधी. आणि अट आहेच हं पुढच्या वर्षी. नापास झाली की विकायची. दसऱ्याला मी टाकीवर काढणार आहे, दिव्यावर नाही."

अहमदीत झाडं होती. वाढली होती उलट.

दुसऱ्या दिवशी संपदा बँकेत जायला आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला पर्समधली ती नेलपॉलिश काढायची बाटली वेगळी दिसली. झाकणाखाली, अगदी सरळ रेषेत, इस्पितळाचं हिरवं स्टिकर चिकटवलेलं होतं. 'तपासले, योग्य.' खालच्या रिकाम्या चौकटीत पुढच्या तपासणीची तारीख लिहायची असते. तिथे धैर्यशीलच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दसऱ्यानंतर.'

संपदाने स्टिकर नखाने उचलून बघितलं. ते पक्कं बसलं होतं. तिने बाटली परत पर्समध्ये टाकली.